प्रश्न तुमचे : राहतं घर आणि महिन्याचा खर्च

मागच्या अंकात मुदत ठेवींच्या व्याजावर लिहिलं. त्यावर आलेल्या पत्रांत ठेवींपेक्षा घराचाच विषय जास्त होता. पत्रं पुणे परिसरातली : कोथरूड, सहकारनगर, धनकवडी, निगडी. पै-पै साठवून ऐंशी-नव्वदच्या दशकात घेतलेली घरं, आज त्यांचा भाव ऐकून मालकालाच खरं वाटत नाही, आणि औषधांच्या दुकानात मात्र दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेववत नाहीत. या वेळची सगळी जागा म्हणून त्याच पत्रांना देते. माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात झाली, त्यामुळे हे कागद रोजच्या हाताळणीतले आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : ताई, मी ७२ वर्षांचा, पत्नी ६७. कोथरूडला १९८९ साली घेतलेला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नोकरी खासगी कंपनीत झाली, त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएसचे (भविष्य निर्वाह निधीबरोबरच्या पेन्शन योजनेचे) अडीच हजार. व्याज धरून महिन्याला वीसेक हजार येतात आणि खर्च पस्तीसच्या घरात जातो. एजंट फ्लॅटचे ९५ लाख सांगतो. मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, विका आणि इकडे या. पत्नीला पुणं सोडायचं नाही. कुणी रिव्हर्स मॉर्गेज सुचवतं, तर कुणी म्हणतं त्यात घर जातं. काय करावं? — व. दे., कोथरूड

उत्तर : काका, तुम्ही पत्रात सगळं लिहिलंत, एक गोष्ट सोडून. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? त्या काळातल्या अॅग्रीमेंटवर बहुतेक ठिकाणी एकट्या नवऱ्याचं नाव असतं. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरही तेच. काकू तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान आहेत. पुढे जे काही कराल ते, त्या एकट्या मागे राहिल्या तर त्यांचं काय होईल, या एका प्रश्नावर घासून बघा. दरमहा किती मिळणार हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

आता रिव्हर्स मॉर्गेज. ही योजना आपल्याकडे २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि राष्ट्रीय आवास बँकेने तिचे नियम घालून दिले. वयाची साठी ओलांडलेल्याला स्वतःचं राहतं घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेता येते. पती-पत्नी मिळून घेत असतील तर दुसऱ्याचं वय किमान ५५ हवं. काही बँका याहून थोडं जास्त मागतात. हप्ता तुम्ही भरायचा नसतो. व्याज कर्जात साठत जातं. दोघंही हयात असेपर्यंत, आणि दोघांतलं एक गेल्यावर दुसरं हयात असेपर्यंत, त्याच घरात राहायचं. मात्र त्यासाठी दोघांचीही नावं कर्जदार म्हणून कागदावर हवीत. एकट्याच्या नावाने कर्ज घेतलंत आणि तुमचं काही बरंवाईट झालं, तर कर्ज त्या दिवशी देय होतं आणि काकूंना वयाच्या सत्तरीत एकतर लाखो रुपये उभे करावे लागतात किंवा घर सोडावं लागतं. म्हणून नावाचा प्रश्न मी आधी विचारला.

‘घर जातं’ म्हणणाऱ्यांचंही पूर्ण चूक नाही. दोघांच्या पश्चात बँक घर विकून कर्ज वळतं करते. पण त्याआधी वारसांना कर्ज फेडून घर ठेवून घेण्याची संधी द्यावीच लागते. विकून जास्त आले तर वरची रक्कम वारसांची. कमी आले तर बँक तुमच्या मुलाकडे बाकी मागू शकत नाही. घराच्या विक्रीतून जे येईल तेवढ्यावरच तिला थांबावं लागतं. दरमहा मिळणारी रक्कम हे कर्ज असल्यामुळे तिच्यावर प्राप्तिकर लागत नाही. मिळकत कर, विमा आणि घराची दुरुस्ती मात्र तुमच्याकडेच राहते. मुलाकडे बंगळुरूला सलग वर्षभर राहिलात, तर घर सोडलं असं धरून बँक कर्ज मागू शकते. तेव्हा नातवासाठी लांबचा मुक्काम ठरवताना हे लक्षात असू द्या.

आकडे मांडून बघू. बँक ९५ लाखांवर ९५ लाख देत नाही. तुमच्या वयाप्रमाणे घराच्या किमतीचा काही टक्के भाग ठरतो आणि त्या भागात मुदत संपेपर्यंतचं व्याजही बसवलेलं असतं. समजा ५५ टक्के, म्हणजे सव्वाबावन्न लाख, आणि व्याज १० टक्के. मुदत दहा वर्षांची घेतलीत तर महिन्याला साधारण साडेपंचवीस हजार मिळतील. पंधरा वर्षांची घेतलीत तर साडेबारा हजारांच्या आसपास. मुदत दीडपट झाली की रक्कम निम्मी होते, कारण पुढच्या वर्षांत व्याजावर व्याज चढत जातं.

समोर हे दोन आकडे आले की माणसाचा हात मोठ्या आकड्याकडे जातो. तुमचा महिन्याचा खड्डा पंधरा हजारांचा, म्हणजे साडेपंचवीस हजारांत तो भरून दहा हजार वर उरतील, असं वाटणारच. पण दहा वर्षांनी तुम्ही ८२ चे आणि काकू ७७ च्या होतील. त्या महिन्यापासून बँकेची रक्कम बंद. घरात राहता येईल, कर्जही कुणी मागणार नाही, पण स्वयंपाकघर कशावर चालवायचं? ७७ व्या वर्षी खर्च वाढलेला असतो. एखादी पूर्णवेळ बाई ठेवावी लागते, सकाळ-संध्याकाळ फिजिओथेरपी असते. म्हणून हा मार्ग घेणार असाल तर लांब मुदत, लहान रक्कम. आजाराच्या खर्चासाठी काही भाग एकदम काढता येईल का, हेही त्याच वेळी बँकेकडून लेखी घ्या.

तुमच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे. इमारत १९८९ ची. बँकेचा इंजिनियर येऊन इमारतीचं उरलेलं आयुष्य ठरवतो आणि ते साधारण वीस वर्षं असावं अशी अपेक्षा असते. हे लोक फ्लॅटच्या रंगाकडे बघत नाहीत. बाथरूमच्या स्लॅबखाली हात लावून ओल बघतात, गच्चीवर जातात, जिन्यातल्या बीमला गेलेल्या चिरा टिपून घेतात. सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा सुरू असेल तर बँक बहुधा थांबा म्हणेल. तुम्हीही थांबलेलं बरं, कारण पुनर्विकास ठरला तर घराची किंमतही बदलते आणि लिफ्टही मिळते. फक्त बांधकामाची दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची तयारी या वयात आहे का, ते दोघांनी मोकळेपणाने बोलून घ्या.

शाखेत गेलात की समोरचा तरुण अधिकारी ‘मॉर्गेज लोन’चा फॉर्म पुढे करण्याची दाट शक्यता आहे. ते वेगळं कर्ज. त्यात दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू होतो. रिव्हर्स मॉर्गेज फार थोड्या शाखांनी प्रत्यक्ष दिलेलं असतं. न कंटाळता शाखाधिकाऱ्यांना भेटा.

आता विक्री. पुणं सोडायचं नसेल तरी तिसरा मजला सोडता येतो. वारजे किंवा कर्वेनगरच्या बाजूला लिफ्ट असलेला एक बेडरूमचा फ्लॅट ५० लाखांत मिळाला असं धरू. घर विकून झालेल्या नफ्यावरचा, म्हणजे भांडवली नफ्यावरचा, कर दोन पद्धतींनी मोजता येतो. २००१ पूर्वीच्या घराला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीकिंमत म्हणून घेता येते. ती त्या वेळच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. समजा ती ९ लाख आहे. पहिल्या पद्धतीत नफा ८६ लाख आणि कर १२.५ टक्के. दुसरीत महागाई निर्देशांक लावायचा. २००१-०२ चा निर्देशांक १०० धरला तर २०२५-२६ चा ३७६, म्हणजे खरेदी ३३.८४ लाखांची धरली जाते, नफा ६१.१६ लाख आणि कर २० टक्के. दुसरं घर घेतलंच नाही तर पहिली पद्धत स्वस्त पडते, पावणेअकरा लाख विरुद्ध सव्वाबारा लाख. पण नव्या घरात ५० लाख गेले की तेवढा नफा करमुक्त होतो आणि गणित उलटतं. पहिल्या पद्धतीत साडेचार लाख, दुसरीत सव्वादोन लाख. वर ४ टक्के उपकर. सीएला दोन्ही तक्ते करायला सांगा. नवं घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत घ्यावं लागतं.

दलाली, नव्या घराचं ७ टक्के मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी, कर, सामान हलवणं आणि थोडं फर्निचर, एवढं वजा जाऊन हातात ३४-३५ लाख उरतील. नवं घर एकट्या काकूंच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का वाचतो, पण विकणारे तुम्ही असाल तर करसवलतीसाठी तुमचं नाव नव्या घरावर असणं सुरक्षित. तेव्हा दोघांची नावं घाला, ५० हजार गेले तरी चालतील. ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये येतात, म्हणजे महिन्याचे २०,५००. तुमचा खड्डा भरून थोडे उरतात आणि मुद्दल शाबूत राहते. खातं दोघांच्या नावाने उघडलंत तर तुमच्या पश्चात काकूंना ते मुदतीपर्यंत तसंच चालवता येतं. उरलेले चार-पाच लाख दवाखान्यासाठी बँकेत.

तुमचा हिशेब बघता मला विक्रीचा मार्ग जास्त पटतो. पण त्याआधी मुलाशी एक सरळ बोलणं करा. बँक जे साडेबारा-तेरा हजार व्याजाने देणार, तेच मुलाने दरमहा पाठवले आणि घर मृत्युपत्राने त्याला मिळालं, तर व्याजाचे लाखो रुपये घरातच राहतात. मुलाकडे मागायचा संकोच आपल्या पिढीत फार आहे. बँकेपुढे सही करायला मात्र आपल्याला संकोच वाटत नाही! कित्येक मुलांना आईवडिलांचा महिन्याचा खर्च किती, हेच माहीत नसतं. तुमच्या वहीतलं जमाखर्चाचं पान त्याला फोटो काढून पाठवा.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा निवृत्त शिक्षक. मुलाला दुकान वाढवायला २० लाख हवेत. माझ्या घरावर कर्ज काढून द्यावं, असं त्याचं म्हणणं आहे. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये ही रक्कम मिळेल का? — सु. का., धनकवडी

उत्तर : सर, नाही मिळणार. रिव्हर्स मॉर्गेजचे पैसे धंद्यात घालता येत नाहीत. उरतं ते मालमत्ता तारण कर्ज. तुमच्या वयात ते एकट्याला मिळत नाही, कारण बहुतेक बँका कर्जदार सत्तरीला पोचण्याआधी कर्ज फिटावं असं बघतात. म्हणून मुलगा कर्जदार होईल आणि तुम्ही घराचे मालक म्हणून सही कराल. १० टक्क्यांनी १० वर्षांसाठी २० लाखांचा हप्ता २६,४३० रुपये. दुकान चाललं तर ठीक. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं बुडीत धरलं जातं, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, आणि नंतर कोर्टात न जाता बँक घराचा ताबा घेऊ शकते. तुम्ही आत राहत असलात तरी. वसुलीच्या फायली मी पाहिल्या आहेत. त्यांत निवृत्त वडिलांची सही हमखास असायची.

मुलाला मदत करावीशी वाटते, ते अगदी योग्य आहे. ग्रॅच्युइटीतून झेपेल तेवढी ठरावीक रक्कम द्या, ती गेली तरी चालेल असं धरून द्या. दुकानासाठी दुकानाच्या मालावर आणि उलाढालीवर मिळणारं कर्ज त्याला बघू दे. घराच्या कागदांवर सही करू नका.

प्रश्न : माझं वय ७०. यजमानांना जाऊन तीन वर्षं झाली. सोसायटीत नॉमिनी मी असल्यामुळे फ्लॅट माझ्या नावावर झाला. मुलगा-सून म्हणतात, फ्लॅट बक्षीसपत्राने आम्हाला द्या, आम्ही तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळू. मुलगी नाशिकला असते. मला कुटुंब पेन्शन थोडी आहे, कुणापुढे हात पसरायचा नाही. — एक वाचक भगिनी, सहकारनगर

उत्तर : ताई, आधी कागद. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने तुमचं नाव लावलं ते विश्वस्त म्हणून. यजमानांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर हिंदू वारसा कायद्याने त्या घरात तुमचा, मुलाचा आणि मुलीचा समान हिस्सा आहे. सासूबाई हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे आजच्या घडीला तुम्ही एकट्या ना विकू शकता, ना बक्षीस देऊ शकता, ना बँक त्यावर काही देईल. दोन्ही मुलांकडून तुमच्या लाभात नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. ‘आई, तुझंच आहे की सगळं’ असं म्हणणारी मुलं दुय्यम निबंधकांकडे सहीला येतात का, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल.

बक्षीसपत्र करू नका. मुलांच्या नावाने करताना मुद्रांक शुल्क नाममात्र असतं, एका सकाळीत काम उरकतं, आणि म्हणूनच ते पटकन सुचवलं जातं. पण झाल्या दिवसापासून मालक ते. तुमच्या मनात दोन्ही मुलांना द्यायचं असेल ते मृत्युपत्रात लिहा. दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही आणि हयातीत कितीदाही बदलता येतं.

तुमच्या मैत्रिणींपैकी ज्यांनी बक्षीसपत्र करूनच टाकलंय त्यांच्यासाठी : २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत सांभाळ झाला नाही तर न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईचं असंच बक्षीसपत्र रद्द ठरवताना, हा कायदा ज्येष्ठांच्या हिताने वाचला पाहिजे असं सांगितलं. त्या आईला मुलाने सांभाळायचं लेखी वचन दिलेलं होतं. तेव्हा अट कागदावर असू द्या, तोंडी बोलण्याला तिथे वजन राहत नाही.

उत्पन्नासाठी तुम्हाला घर विकायची गरज दिसत नाही. एक खोली कॉलेजच्या मुलीला देता येईल. लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवा, महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारक आहे, आणि पोलिसांकडे माहिती द्या. घर भाड्याने दिल्याची नोंद झाली की पुणे महापालिकेची राहत्या घराची ४० टक्के सवलत जाऊ शकते, ती रक्कम भाड्यात धरा. संध्याकाळी घरात कुणाची तरी चाहूल असते, हाही लाभ थोडका नाही. हे मी माझ्या शेजारच्या काकूंच्या घरी रोज बघते. त्यांच्याकडची मुलगी त्यांना रक्तदाबाच्या गोळीची आठवण करते आणि त्या तिला डबा देतात.

प्रश्न : माझी बहीण न्यू जर्सीला असते. तिने घरावर ‘क्रेडिट लाइन’ काढली आहे आणि आता रिव्हर्स मॉर्गेज घेणार म्हणते. तिथे सगळे घेतात म्हणे. आपल्याकडेही तसंच असतं का? माझा बंगला प्राधिकरणात आहे, वय ६९. — अ. जो., निगडी

उत्तर : नावं सारखी असली तरी घडण वेगळी आहे. बहिणीची क्रेडिट लाइन म्हणजे लागेल तेव्हा उचलायचं आणि उचललेल्यावर दरमहा भरायचं. आपल्याकडे त्याच्या जवळ जातो तो घरावरचा ओव्हरड्राफ्ट. उत्पन्न नसलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तिथलं सरकारी विम्याचं रिव्हर्स मॉर्गेज ६२ व्या वर्षापासून मिळतं आणि ते घेण्याआधी सरकारमान्य सल्लागाराकडे बसणं सक्तीचं आहे. न उचललेली मर्यादा वर्षागणिक वाढत जाते, ही तिथली मोठी सोय. मिळकत कर किंवा विमा थकला तर मात्र तिथेही घर जाऊ शकतं. तिच्या यजमानांचं नाव कर्जदारांत आहे का, एवढं तिला फोन करून विचारा.

तुमच्या बंगल्याचा प्लॉट मुळात पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेला असणार. ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं, त्यामुळे आता तुमच्या भाडेपट्ट्याचा कारभार ज्या संस्थेकडे आहे तिची ना हरकत बँक तारण घेण्याआधी मागेल, आणि वारसनोंद राहिली असेल तर गाडी तिथेच अडते. म्हणून बँकेत जाण्याआधी भाडेपट्ट्याचा मूळ दस्त, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), बांधकामाचा मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला आणि या वर्षीची मिळकत कराची पावती एका फायलीत लावा. पूर्णत्वाचा दाखला सापडत नसेल तर आधी महापालिकेत अर्ज करा. त्याला वेळ लागतो. बँकेकडून मात्र तीन गोष्टी लेखी घ्या : मुदत संपल्यावर राहण्याचा हक्क, पत्नीचं नाव सहकर्जदार म्हणून, आणि मधेच कर्ज फेडायचं ठरलं तर दंड लागतो का.